मेंढीचे चार पाय

क्लाक्सविकच्या शाळेमागच्या खोलीत
मंगळवारी आम्ही तिघी जमतो.
डिसेंबरात दुपारी तीनलाच बाहेर गुडुप्प काळोख,
वारा कडी हलवून बघतो, आत कोण आहे,
आणि आम्ही कात्र्या, सुया, चहाची किटली मांडून
एका पुस्तकाची एक प्रत करतो.
एकच. दुसरी करायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

रान्वा ब्रेल टोचते, तिच्या यंत्राचा आवाज
पत्र्यावर गारा पडल्यासारखा.
एल्स्पानं तेवीस वर्षं जाळी विणली,
शिवलेलं प्रत्येक बटण ती दातात धरून ओढते,
म्हणते, मुलं याहून जोरात ओढतात.
आणि मी, मासळीच्या कारखान्यातून निवृत्त,
मी मेंढ्या करते.

पहिली मेंढी देखणी झाली होती.
दान्यालचा जुना स्वेटर कापून तिचं अंग केलं
(कात्री लावताना हात थबकला, नाही असं नाही).
बाजूनं उभी, दोन पाय, एक कान, डोळ्याला मणी,
चौकटीत घालून भिंतीवर टांगावी अशी.

सुन्निवानं पान मांडीवर घेतलं. सहा वर्षांची.
दोन्ही हात पाठीवरून पोटाकडे, पोटाकडून खाली,
मग थांबली.
"हिचे बाकीचे पाय कुठे गेले?"
मी म्हटलं, अगं, ते पलीकडच्या बाजूला आहेत,
इकडून दिसत नाहीत.
"मला तर कुठलेच दिसत नाहीत," ती म्हणाली,
रागानं नव्हे, हिशोब सांगावा तसं,
"पण आजोबांच्या मेंढीला चार आहेत. मी मोजलेत."

किटली तेवढी बोलत राहिली.
साठ वर्षं मी अर्धी जनावरं बघत आले
आणि त्यांना अख्खी म्हणत आले.

मग चार पाय शिवले, दोन कान शिवले.
मेंढी पानभर पसरली.
बहीण म्हणाली, ही काय ट्रकखाली आली?
म्हटलं, डोळे मीट आणि मग बोल.
ती बोललीच नाही, चहा पीत बसली.

समुद्रासाठी मी निळं सॅटिन आणलं होतं, महागाचं.
"हा समुद्र गरम आहे," सुन्निवा म्हणाली.
फाडला. दान्यालच्या रेनकोटाची बाही कापून लावली,
गार, चिकट, शिवणीपाशी जराशी खरखरीत.
तो पटला.
धुक्यासाठी मेंढीवर मऊ जाळीदार कापड टाकलं,
बोटांना सगळं पुसट लागावं म्हणून. केवढी हुशारी माझी!
"हे धुकं नाही, बँडेज आहे. मेंढी कड्यावरून पडली."
झालं. गोष्टच बदलली.
रान्वानं मुकाट्यानं नवा कागद यंत्रात घातला.

"आणि हिला डिझेलचा वास का येतो?"
एल्स्पा माझ्याकडे बघायला लागली.
मी म्हटलं, ती एकदा बोटीवर गेली होती.
"कुणाच्या?"
होता एक जण.
"मग बोट पण हवी."

बोट मी दोनदा केली. पहिली, किनाऱ्यावरून दिसते तशी,
तिच्यावर हात फिरवून ती म्हणाली,
यात बसायचं कुठे?
दुसरी केली खिशासारखी, माशाच्या कमावलेल्या कातड्याची,
काठाला दोरी, आत लोकरीचं अस्तर,
बसायला आडवी एक काडी.

काल ती पुस्तक मागून पुढे वाचत आली,
रेनकोटाच्या गार पाण्यावर हात ठेवला,
काठ सापडला, दोरी सापडली,
आणि मग अगदी सावकाश
बोटीत बोट बसलं.
इकडे तिकडे हललं, काडी चाचपली.

"सरक," ती मला म्हणाली, "तुझंही मावेल."
माझ्या बोटाला कारखान्यातल्या सुरीची जुनी खूण आहे.
तिनं आधी ती वाचली.