एकशे एकोणीस

दीडशेपैकी शंभर म्हणजे पास,
एकशे वीसला मेरिट,
एकशे तीसला डिस्टिंक्शन.
हे मला आता पाठ आहे,
जसं पाठ आहे की
चाळीसच्या पुढची जाडी इराणच्या खोक्यात,
खालची दिल्लीच्या गाडीत,
आणि डाग पडला तर वेफरवाल्याची कढई.
सावद्याच्या पॅकहाउसमध्ये मी दिवसभर ग्रेड लावतो.
कुठल्याच फणीला विचारत नाही
की तुझ्या बाजूनं ऊन कसं यायचं.

चारुता चौथ्या ग्रेडला बसली.
तीन तुकडे, तीस-तीस मार्कांचे,
मग स्केल्स,
मग कधी न पाहिलेला कागद
अर्ध्या मिनिटात वाचून वाजवायचा,
शेवटी परीक्षक वाजवणार नि हिनं गाऊन दाखवायचं.
मिसेस डिक्रूझनी मला हे समजावलं
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या पायरीवर, मान पुसत,
थोडं हिंदीत, थोडं बोटांवर.
फी भरून घरी आलो तर आई म्हणाली,
"बाजा शिकीसन काय कलेक्टर व्हनार हाये का पोर?"
तिच्याकडे पाहत मी पावती खिशात घातली.

इन्स्टिट्यूटचा पियानो
कॅरम बोर्ड आणि बंद पडलेला कूलर यांच्या मधे असतो.
भुसावळ सत्तेचाळीसवर गेलं की
त्याचं लाकूड तडकतं, कुरकुरतं,
आणि मधली एक पांढरी पट्टी
दाबली की खालीच बसते.
बोलत तर नाहीच.
दोन वर्षं चारुता ती दाबायची,
सूर मनात वाजवायची,
नखानं पट्टी वर काढून पुढं जायची.
यार्डातून एखादी मालगाडी गेली
तर तेवढी फट भरून निघायची.

नोव्हेंबरात नाशिक.
थंड खोली, आणि पियानो इतका काळा
की तिला त्यात स्वतःचा भांग दिसला म्हणे.
मी दाराबाहेर, हातात तिचा स्वेटर.
पहिला तुकडा नीट गेला.
दुसऱ्यात, मधे कुठंतरी,
ती पट्टी बोलली.

चारुता थांबली.
अर्धा श्वास.
रोज रिकाम्या खुर्चीला हाक मारावी
आणि एक दिवस खुर्चीनं ओ द्यावी,
तशी.

जानेवारीत निकाल आला तेव्हा
माझ्या अंगठ्याला केळीचा चीक होता,
फोन उघडेना, नाकानं उघडला.
एकशे एकोणीस.
खाली दुसऱ्या तुकड्यासमोर इंग्रजीत एक ओळ.
मॅनेजरला वाचायला दिली.
तो म्हणाला, "लय तुटली, असं लिहिलंय. विनाकारण."

विनाकारण.

जळगावला हॉलमध्ये मेरिटवाल्यांचा सत्कार झाला,
मेडलं, फोटो, पेढे.
आमचं सर्टिफिकेट कुरिअरनं आलं.
खोक्याच्या पुठ्ठ्यात घालून
मी ते कपाटावर ठेवलं, वाकू नये म्हणून.
फेरतपासणीचा फॉर्म असतो,
त्यात कारणाचा रकाना असतो.
रात्री बसून लिहिलं: भुसावळचं ऊन.
पुढं काही सुचेना.
चारुतानं माझ्या खांद्यावरून वाचलं.
म्हणाली, "राहू द्या, पप्पा.
पण काय वाजली ना ती पट्टी!"

पाचव्या ग्रेडचं पुस्तक आलंय.
पट्टी दुरुस्त करणारा माणूस होळीनंतर येतो म्हणालाय,
मागच्या होळीलाही म्हणाला होता.
संध्याकाळी ती जुनाच तुकडा काढते,
त्या जागी आली की थांबते,
आता मुद्दाम.
मिसेस डिक्रूझ पेन्सिल आपटतात, "काउंट, बेटा, काउंट!"
आणि मी कॅरमच्या बाकावर
बाहेर कुठली गाडी येतेय का
ते ऐकत बसतो.