दहा नंबर

पुंता अरेनासच्या रस्ते खात्यात
हातमोजे एकाच मापाचे, दहा नंबर. ते मीच वाटतो.

एर्सिलिया बारीया एकवीस हिवाळे
बोटांच्या टोकांत लोकर कोंबून
बर्फावर मीठ टाकत आली.
समानतेच्या पोस्टरवर तिचाच हसरा फोटो,
हात चौकटीबाहेर.

सोमवारी नवी पोरगी आली, नाइरा.
एर्सिलियानं मायेनं लोकरीचा बोळा पुढे केला,
"घे. होते सवय."

पोरीनं मोजे माझ्या काउंटरवर ठेवले.
"सातचे मागवा. तोवर बसते इथंच."

एर्सिलियाला आधी रागच आला,
एकवीस वर्षांचा.
मग तिनं स्टूल ओढलं,
शेजारी बसली.

बाहेर वारा पत्रे उचकटत होता.
मी मागणीपत्र शोधलं.
मापाचा रकाना होता त्यात,
पहिल्यापासून.