नमुना क्रमांक सात

फेरीबोट जवळजवळ रिकामी. मी, माझी मोटरसायकल,
आणि सायकलला पावाची टोपली बांधलेला पदेर.
रुझारने साखळी सोडली तसं नार्वे मागे पडलं.
समोर पुन्हा नार्वेच. नाव एक, काठ दोन,
जणू घर सोडताना कुणी
दारावरची पाटीही काखेत मारून नेली,
आणि जुन्या भिंतीवरून तिचा डाग गेलाच नाही.

फायलीत नमुना सात:
स्थळाचे नाव. अंदाजे काळ.
सद्यस्थिती: उत्तम / बरी / भग्न
(लागू नसेल ते खोडावे).

दिवाडीवरची कोटीतीर्थाची तळी
जांभ्यातून पायरी पायरी खाली जाते.
कोनाड्यांत दिवे नाहीत.
एकात बेडूक बसलाय,
नैवेद्य उशिरा आला तरी चालेल अशा चेहऱ्याने.
मी टेप लावतो, एक टोक बुटाखाली दाबून.
लांबी मिळते. खोली शेवाळ सांगू देत नाही.

सांगतात, देऊळ मोडलं तेव्हा
लिंग विहिरीच्या काठाला बसवलं होतं;
त्यावरून दोर सरकायचा, कळशी वर यायची.
म्हणजे देव काही वर्षं पाणक्या होता.
पाणी कोण कोण प्यालं
याला नमुन्यात रकाना नाही.
मग एका रात्री होडी,
वल्ह्यांना चिंध्या गुंडाळलेल्या
(हे मी मनाचं लिहितोय, पेन्सिलने).

यशवंती चारी पलीकडून आलेली.
अष्टमीच्या गर्दीत गुडघे ऐकत नाहीत,
म्हणून आठ दिवस आधीच उरकते स्नान.
माझ्या टेपकडे बघत म्हणाली,
“पयलीं पांय धू, मागीर बरय.”

बूट काढले. पाणी गार.
पायरी मधोमध झिजलेली, पावलाएवढी,
आणि त्या खळग्यात माझी टाच
मला न विचारता बसली.

वर कपेलाची घंटा झाली.
म्हातारीने ओले हात तिकडेही जोडले,
बांधावर भेटलेल्या शेजारणीला जोडावेत तसे,
आणि पिशवीतून सुकी साडी काढली.

परतताना, इंजिनच्या आवाजात, कागद मांडीवर.
उत्तम खोडलं. बरी खोडलं.
भग्नवर पेन थोडं थांबलं, मग तेही खोडलं.
उरलेल्या जागेत लिहिलं: ओली.

साहेब शेरा मारून परत पाठवतील, ठाऊक आहे.
मोजे खिशात. पदेराची टोपली रिकामी.
रुझार साखळी हातात घेऊन उभा,
आणि नार्वे जवळ येतं,
किंवा नार्वे लांब जातं.