गाळ

पाटगावचं पाणी सोडून आज चौथा दिवस.
जत्राटचा बंधारा दिसत नाही,
त्याच्या जागी नदीला फक्त एक सुरकुती,
तिथं पाणी जरासं अडखळतं आणि पुढं जातं.
वेदगंगेला रंग तंबाखू भिजवलेल्या पाण्याचा.
वाहून चाललेत: भोपळ्याचा वेल मुळासकट, एक निळं पिंप,
कुणाच्या तरी गोठ्याचं दार,
कडी लावलेलं.

माणसं पाणी बघायला येतात,
मोबाइल उंच धरतात, परत जातात.
दुंडाप्पा अंबी मात्र गळ टाकून बसलाय
मगदुमांच्या उसात,
पाणी जिथं शिरून दमून थांबलंय तिथं.
"मधल्या धारंत काय न्हाई," म्हणतो,
"मासा काय येडा हाय व्हय, धारंत उभारायला?
त्यो पन कडंलाच येतोय. तुमच्यागत.
पूर बघायला."

सातवीत असताना मी त्याच्याकडं मासे धरायला शिकलो.
पहिल्या दिवशी म्हणाला, गाळ आण.
मी ओंजळभर चिखल घेऊन गेलो.
तो इतका हसला की होडी हलली.
त्याच्या कन्नडात गाळ म्हणजे गळ.
आमच्या घरात गाळ म्हणजे
पूर ओसरल्यावर आई आठवडाभर खराट्यानं ढकलायची ते,
चुलीच्या कोपऱ्यातून, देवाच्या पाटाखालून,
माझ्या भूगोलाच्या वहीतून.

आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
चिकोडीच्या शिबिराची तारीख दोनदा चुकवली.
"कशाला? धा म्हैनं नदी सगळ्यास्नी दिसती, मला न्हाई.
पुराचं दोन म्हैनं मात्र
कुणालाच दिसत न्हाई. ना तुला, ना माशाला."
गांडुळाला हिंग चोळून तो गळाला लावतो
न बघता,
गढूळ पाण्यात वास लांब जातो म्हणतो,
शिंगटी मिशांनी वाट काढती, वांब अंगानं ऐकती.
तंगूस त्याच्या तर्जनीवरून खाली उतरते.
बोट तेवढं जागं, बाकीचा माणूस डुलक्या घेतो.

माझ्याकडं रॉड, निपाणीच्या बाजारातला, मशीनवाला,
बाराशे रुपयांचा, लाल-पांढऱ्या तरंग्यासकट.
तरंग्यावर टक लावून बसतो.
बुडतो. ओढतो. पाचट.
बुडतो. ओढतो. पाचट.
तिसऱ्यांदा एक चप्पल.
"डावी का उजवी?"
"डावी."
"मग बस. उजवी मागनं येती."

बऱ्याच वेळानं म्हणाला, "कण्ण मुच्चु."
मी डोळे मिटले.
आधी नुसतं पाण्याचं वजन.
मग ते उसाच्या बुडख्यांशी कसं वळतंय ते,
मग वाळूचा एकेक कण तंगुसाला घासून जाताना,
आणि मग
अंधारात कुणीतरी येऊन
दाराची कडी चाचपावी तसं काहीतरी.
एकदा.
थांबलं.
"सुम्न कुंदर," तो पुटपुटला,
माझी तंगूस त्याच्या हातात नसताना.

ओढलं ते खाली, आडवं, दोन सऱ्यांमधून.
मशीन कण्हलं, रॉड वाकून पाण्याच्या पाया पडला.
मी डोळे उघडले.
तिथंच चुकलं असावं.
तंगूस एकदम हलकी.

गुंडाळत राहिलो टोकापर्यंत.
टोकाला काही नाही, बोटांना थोडा चिखल.
"काय आलं?"
"गाळ," मी म्हणालो.
"आनि गाळ?"
"तो गेला."

या खेपेला दुंडाप्पा हसला नाही.
तर्जनी तंगुसावर तशीच ठेवून
दुसऱ्या हातानं कमरेची पिशवी उसवली,
आत चाचपडला,
एक गळ काढून माझ्या बाजूला, जरा चुकीच्या दिशेला, धरला.
"धा रुपय," म्हणाला.
"बाजारात पंधराला हाय."