सातवं पाणी

पहिल्या पाण्याला फेस येतो, रिठे चोळावेत तसा,
पांढरा, हट्टी, मनगटापर्यंत चढणारा.
तो मी ओतून देत नाही. तोरिबिया त्यात केस धुते,
उरलाच तर लोकर.
विहीर अर्ध्या तासावर
आणि गाढव जवळजवळ माझ्याच वयाचं.

दुसरं पाणी. तिसरं.
दाणे तळहाताखाली फिरवायचे
समजूत घातल्यासारखे.
काल हेच दाणे भाजून, गरम असताना,
दगडी उखळीत उभा राहून टाचांनी मळले,
कमरेतून डावीकडे, उजवीकडे,
तर कुंपणापलीकडून बाल्तासार ओरडला,
कुणाचं लग्न?
म्हटलं, उष्टावण.
वाय्राला सहावा महिना सरला.

चौथं पाणी.
माझी आई तिसऱ्यावर थांबायची.
त्या वर्षांत विहिरीत पोहरा सोडला
की आधी चिखलाचा आवाज यायचा.
बारा वर्षांचा होईतो मला वाटायचं
किनवा म्हणजे कडूच.
मग ऊयुनीला एका खानावळीत
भांडी घासायला राहिलो,
पातेल्याला लागलेलं बोटानं पुसून खाल्लं
आणि मालकिणीला विचारलं,
यात साखर घालता का तुम्ही?
ती खूप हसली.
मला आईचा राग आला.
पुढे कितीतरी दिवस.

पाचवं.
नर्स हासिंतानं सगळं नीट सांगितलंय:
खिमट चमच्यावरून घरंगळू नये.
लामाचं सुकं मांस कुटून, चिमूटभर.
मध नको.
मीठ नको, वर्षभर तरी नको.
हे ती म्हणाली तेव्हा तिच्या खिडकीबाहेर
नजर पोचेल तिथवर मीठच होतं.
माझं घर मिठाच्या विटांचं,
तोरिबिया मिठाच्या कारखान्यात
पिशव्यांची तोंडं शिवते,
तिच्या पापण्यांवरसुद्धा असतं.
मी मान हलवली.
हातावर पेनानं लिहून घेतलं: मीठ नाही.

सहावं पाणी बऱ्यापैकी नितळ.
इथे कुणीही थांबलं असतं.
मीही थांबलो.
गाढवाकडे पाहिलं, गाढवानं माझ्याकडे.
मग सातवं.

इतक्या उंचीवर पाणी घाईनं उकळतं
आणि धान्य आपल्या मर्जीनं शिजतं.
दाण्यांच्या बारीक शेपट्या सुटेपर्यंत
मी शेण्या सारत बसलो,
मग चाळणीतून चमच्याच्या पाठीनं दाबत, दाबत
मऊसूत केलं.
चाखून पाहिलं. कडू नव्हतं.
खरं सांगायचं तर काहीच नव्हतं,
नुसतं ऊन.

पहिला घास तिनं तोंडात ठेवला,
विचार केला,
आणि हनुवटीवरून परत पाठवला.
दुसराही.
तिसरा माझ्या सदऱ्यावर.
सात पाणी, मी म्हटलं, सात!
तिला शिंक आली.

खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होतो,
भिंतीपाशी जरा थबकलो,
तेवढ्यात ही वाकली
आणि विटेला जीभ लावली.
कितीतरी वेळ. डोळे मिटून.
मग माझ्याकडे वळून
पिलासारखा आ केला.

मी चमचा दिला. गिळला.
पुन्हा भिंत.
पुन्हा चमचा.
हातावरचं अक्षर घामानं पुसट झालं होतं,
मी ते वाचायला गेलो नाही.
अर्धी वाटी संपली.

अंधार पडता पडता तोरिबिया आली,
ओठ फुटलेले, शालीला पांढरी किनार.
खाल्लं?
खाल्लं. अर्धी वाटी.
आवडलं?
खूप, मी म्हणालो, आणि वाटी धुवायला घेतली,
ती आधीच धुतलेली होती.

भिंतीवर नाण्याएवढा ओला डाग होता.
तिनं तो पाहिला,
झोपलेल्या वाय्राकडे पाहिलं,
मग वेण्या सोडल्या
आणि पहिल्या पाण्याची बादली
पायानं जवळ ओढली.