चीक

केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो,
दिसतही नाही.
दोन दिवसांनी शर्टावर तपकिरी ठिपका येतो,
मग काळा,
आणि त्यानंतर कापड फाटेल पण डाग जाणार नाही.
आईनं लिंबू, राख, रॉकेल सगळं करून पाहिलं होतं.

सावदा स्टेशनवर सव्वीस वर्षं मी घड मोजले.
मोजले म्हणजे रेघा मारल्या,
चार उभ्या, एक आडवी,
वॅगनच्या दाराशी स्टुलावर बसून.
कलिंदर तडवीच्या टोळीतले अकरा जण
खांद्यावर घड घेऊन पुढ्यातून जात.
मान खाली, त्यामुळे मला त्यांचे पायच दिसत.
कलिंदरचे ओळखू यायचे,
डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.

काम म्हणजे पूजा, म्हणतात लोक.
त्यांनी वैशाखात दुपारी दोन वाजता
लोखंडी डब्यात उभं राहून पाहावं.
पूजेला निदान पाट मिळतो.

एका मार्गशीर्षात चाळीस घड कमी भरले.
माझी रेघ खोटं बोलत नाही असं सगळे मानत,
मीसुद्धा.
टोळीची हजेरी कापली गेली.
कलिंदर काही बोलला नाही.
आठ दिवसांनी मात्र येऊन म्हणाला,
"भाऊसाहेब, मले आकडे लिहाले शिकवा."

शिकवले.
माल भरून झाला की खडूनं, वॅगनच्या पत्र्यावर.
तीन आणि सहाची तोंडं तो उलटी काढी,
छत्तीस सांगितले की त्रेसष्ट उमटत.
मी हसायचो, पुसायचो, पुन्हा काढायला लावायचो.
त्याचे ते त्रेसष्ट कितीदा तरी
पुसायचे राहून दिल्लीला गेले असतील.
घरी जेवताना मी सांगायचो,
एका माणसाला शहाणं करतोय.

तीन वर्षांनी जुन्या वह्या रद्दीत काढताना
चिकानं चिकटलेली दोन पानं सापडली.
पातीनं सोडवली.
आत माझ्याच हातच्या आठ जुड्या,
चार उभ्या, एक आडवी.
आठ पंचे चाळीस.

सांगितलं नाही.
पहिलं वर्ष लाजेनं, पुढची सवयीनं.
अट्रावलला जाऊन मुंजोबाला लोणी वाहिलं
आणि सगळं कबूल केलं, ओठ न हलवता.
देवाला सांगणं सोपं असतं,
त्याची हजेरी कुणी कापलेली नसते.

आता वॅगनी नाहीत, ट्रक थेट बांधावर येतात.
आम्ही दोघंही रिकामे.
थंडीत त्याच्या शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजतो.
त्याची नात फैजपूरला गणित शिकते,
त्याबद्दल तो माझे आभार मानतो दर खेपेला,
आणि दर खेपेला मला ठसका लागतो,
धुराचा, म्हणतो मी.

परवा धीर केला.
"कलिंदर, त्या वर्षी ते चाळीस घड..."

"बेचाळीस," तो म्हणाला.
हातानंच निखारा सारखा करत होता.
"दोन तं तुम्ही लिहिलेच नव्हते.
मोजता येतच व्हतं मले, भाऊसाहेब.
लिहिता नव्हतं येत."

मी बघत राहिलो.
त्याच्या बाहीवर एक जुना काळा डाग होता,
माझ्याही होता, जवळजवळ तिथंच.

"वांगं पलटवा," तो म्हणाला,
"जयून राह्यलं."