तिसरी टाकी

पहाटे तीनला आम्ही कात्र्या वाटतो,
कपाळावर दिवे बांधून.
माहुलीचे सुळके अजून अंधारातच,
आणि वेलींच्या ओळींतून फिरणारे पंधरा-वीस उजेड.
लांबून बघणाऱ्याला वाटावं
आटगावात चोर शिरलेत, तेही शिस्तीचे.

मी निफाडची. द्राक्ष माझ्या माहेरचं.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी काड्या आणल्या
मांडीवर घेऊन, ओल्या गोणपाटात.
भावकी हसली : भाताच्या रानात द्राक्ष?
वेखंड्यांची सून डोंगराला शहाणपण शिकवायला निघाली.
सासरे तेवढे हसले नाहीत.
खड्ड्यात उतरून हात घातला, म्हणाले,
"वीतभर कमी आहे."
त्याला बारा हंगाम झाले.
ते अजून घोटभर पीत नाहीत. नुसता वास घेतात,
आणि बिघडलेली टाकी माझ्याआधी ओळखतात.

यंदा पाऊस ऑगस्टातच उठून गेला,
अर्ध्या ताटावरून कुणी उठावं तसा.
मार्गशीर्षात बोअर गाळ ओकू लागली.
तेव्हा मीच निम्मे घड कापून खाली पाडले,
हिरवे, टणक, पोरांच्या गोट्यांसारखे.
रोहिदास दिवसभर बोलला नाही.
रात्री म्हणाला, "उरलेत ते तरी जगतील ना?"
वेल जगेल, म्हटलं. घडांचं माहीत नाही.

आता हा शिराझ :
दाणा वाटाण्याएवढा, साल जाड,
चिरडला तर रस थोडा, डाग फार.
रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावते. सव्वीस.
एवढा आकडा या शिवाराने पाहिला नव्हता.
ठाण्याचा हॉटेलवाला फोनवरच खूश :
"कोरड्या सालाची वाइन म्हणजे सोनं, मॅडम.
लेबलवर छापा तसं."
मी हो-हो करून फोन ठेवला.
त्याच्या नळाला आमच्याच तालुक्याचं पाणी येतं.
पाइप कुंपणापासून तीनशे पावलांवर.
कान लावला तर वाटतं,
आतून कुणीतरी सारखं
जड गादी ओढत नेतंय.

नऊला तोडणी थांबली. ऊन पाठीत घुसलं होतं.
क्रेट मोजले : चारशे बारा.
गेल्या साली अकराशे.
टँकर आला, उशिरा, अर्धा सांडत.
पाइप, प्रेस, जमीन, टाक्या,
वाइन करायची म्हणजे आधी धुवायचं,
मग धुवायचं, मग परत धुवायचं.
हे कुठल्या लेबलवर लिहीत नाहीत.

शेडच्या भिंतीशी हंड्यांची रांग होती.
पहाटेपासून होती. मला वाटलं,
बायकांचं खाणं असेल त्यात.
ठाकरपाड्याची बुधी पुढे आली,
हात काळेनिळे, कोपरापर्यंत चिकट.
"पैसं उद्या दे बाय. आज हंडा भर."
एवढंच. विनवणी नव्हती त्यात,
भाव सांगावा तसा आवाज.

मी मनात हिशेब मांडला.
दोन टाक्या धुऊन झालेल्या. तिसरी राहिलेली.
तिसरीला बाराशे लिटर.
हंडे एकवीस.
हिशेब सोपाच होता, तरी मी तो
तीनदा मांडला.
तेवढ्यात सासऱ्यांनी होजपाइप उचलला
आणि पहिल्या हंड्यात सोडला,
माझ्याकडे न बघता.

"पैसे आजच घ्या," मी म्हटलं. फार उशिरा म्हटलं.
बायका निघाल्यासुद्धा होत्या,
डोक्यावर पाणी, मान ताठ,
कुणाचं थेंबभर सांडलं नाही.
दुपारी रोहिदास पाड्यावर जाऊन पाकिटं देऊन आला.

तिसऱ्या टाकीचे क्रेट पत्र्यावर वाळत घातलेत.
मनुका होतील, बियांच्या, कचकचीत.
बुधीची नात खाते आणि बिया थुंकते
माझ्या स्वच्छ जमिनीवर.
एक बी किती लांब जाते ते मोजते.

संध्याकाळी पाहिलं तर सासरे
त्या रिकाम्या टाकीत डोकं घालून उभे.
बऱ्याच वेळाने बाहेर आले,
टोपी सारखी केली.
"हिचा वास बरोबर आहे," म्हणाले,
आणि झाकण उघडंच ठेवून
बैलांकडे गेले.